लिनोची कबर

तीन दिवस झाले, तो माणूस अंगणातल्या चिंचेखाली चटई टाकून बसला होता आणि तीन दिवसांत एर्मेलिंदाने त्याच्या हातात एक घासही दिला नव्हता. उपाशी ठेवलं होतं असं नाही. दोन्ही वेळा ती केळीच्या पानावर मका आणि शेंगांची उसळ वाढायची, पान त्याच्यापासून हातभर लांब ठेवायची आणि पाठ फिरवून निघून यायची. रीतच तशी होती. मेलेल्या माणसाला कुणी हातात देत नाही आणि घराची शिडी चढू देत नाही. हा माणूस खरा असेल तर मेलेला होता. खोटा असेल तर मग हातात देण्याचा प्रश्नच नव्हता.

घरामागे, कॉफीच्या झाडांच्या कडेला, आईच्या कबरीशेजारी त्याची कबर होती. वर सिमेंटचा क्रूस, क्रूसावर नाव: अकिलिनो. घरात सगळे लिनो म्हणायचे. पाच वर्षांचा असताना, एकोणऐंशी साली, परक्या फौजेने डोंगरातल्या लोकांना ज्या छावणीत कोंडलं होतं, तिथून सैनिकांनी त्याला उचलून नेलं होतं. आईने आठ वर्षं वाट पाहिली, मग पाद्र्याला बोलावून मिस्सा केली, प्रेताच्या जागी एक मडकं पुरलं, वर्षभर काळं नेसली आणि वर्ष सरल्यावर म्हैस कापून गावाला जेवू घालून काळं उतरवलं. मडक्यात काय ठेवलं ते आईने कुणाला पाहू दिलं नव्हतं. लिनोचा एक फाटका शर्ट तेवढा मागे राहिला होता, तोच असणार असं एर्मेलिंदाने धरून ठेवलं होतं. दरवर्षी मृतांच्या दिवशी ती त्या कबरीवर मेणबत्त्या लावायची, फुलं वाहायची. चोवीस वर्षं तिने एकदाही चुकवलं नव्हतं.

आणि आता हा आला होता, इंजिनाचं ग्रीस नखात घेऊन. नाव बख्तियार. समुद्रापलीकडे, सैनिकांच्या देशात, मकास्सरला होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, बायको आहे, दोन मुली आहेत, शुक्रवारी नमाज पढतो. त्याला घेऊन आली होती झुलमिरा. ही राजधानी दिलीतल्या एका संस्थेत कामाला होती. युद्धात नेलेली मुलं शोधायची, त्यांना घरच्यांना भेटवायचं, हेच तिचं काम. पोरगी चुणचुणीत होती, पण एर्मेलिंदाला तिचा फार भरवसा वाटत नव्हता. ज्याचं कामच हरवलेली माणसं आणून देणं, त्याला माणूस कमी पडला की तो कुठूनतरी आणणारच.

तसं घडलंही होतं. दोन वर्षांपूर्वी खालच्या वाडीत एका म्हातारीकडे असाच एक मुलगा परत आला. गळ्यात पडला, रडला, पंधरा दिवस राहिला, तीन डुकरं फस्त झाली. मग कळलं की त्याची खरी आई पलीकडच्या डोंगरावरची, आणि ती म्हातारीहून जास्त रडणारी. बिचाऱ्याचा दोष नव्हता, त्याला कुणी चुकीचं गाव सांगितलं होतं. पण म्हातारी जी अंथरुणाला खिळली ती उठली नाही. तेव्हापासून सगळा डोंगर ताकही फुंकून पीत होता.

एर्मेलिंदा स्वयंपाकघराच्या बांबूच्या कुडाआडून त्याला न्याहाळायची. मका कांडायचं निमित्त करायचं आणि फटीला डोळा लावायचा. तो पाय पसरून बसतो, आपल्याकडे पुरुष मांडी घालतात. तो पाणी पिताना भांडं तोंडाला लावतो. कपाळ आईसारखं आहे, हे तिने पहिल्या दिवशीच पाहिलं होतं आणि पाहिल्याबरोबर मनातून बाजूला सारलं होतं. कपाळं काय, कपाळं सगळ्यांचीच असतात.

"मावशी, तुम्ही त्याला काहीतरी विचारा तरी," झुलमिरा म्हणाली. "तीन दिवस नुसत्या कुडातून बघताय. त्याला कळतं."

"कळू दे. घर माझं, कूड माझा."

"विचारल्याशिवाय कसं ठरणार? उद्या दुपारच्या ट्रकने आम्हाला जायचंय. त्याचा परवाना संपतोय."

मग विचारलं. तो त्यांची भाषा विसरला होता, त्यामुळे सैनिकांच्या भाषेतच बोलावं लागलं. चोवीस वर्षांच्या राजवटीत ती भाषा एर्मेलिंदाला चांगली येऊ लागली होती, पण आता ती बाजारात कपडे विकणाऱ्यांशीच बोलायची. आपल्या भावाशी, असलाच तर, त्या भाषेत बोलायचं या विचारानेच तिचं तोंड कडू झालं.

"काय आठवतं तुम्हाला?"

"नदी," तो म्हणाला. "मोठी."

"छावणीजवळ नदी नव्हती. समुद्र होता."

"पांढरा घोडा."

"आमच्याकडे घोडा कधीच नव्हता."

"कुणाचा तरी असेल," तो खाली बघत म्हणाला. "मी लहान होतो."

एर्मेलिंदाने नदी आणि घोडा या दोन चुका जपून ठेवल्या. पायावर भाजल्याचा डाग आहे, असं झुलमिराने दाखवलं. डोंगरात चुलीशी वाढलेल्या कुणाच्या पायावर डाग नाही? तिने आपलाही दाखवला.

संध्याकाळी मार्साल मामा आले. आईचे सख्खे भाऊ, कुळाचे बोलके. लग्न असो की मयत, रीतीचे शब्द बोलायचा मान त्यांचा. इकडे घर आईकडून मुलीकडे जातं, म्हणून घर एर्मेलिंदाचं होतं. पण घराचा शब्द मामांचा होता. दात मोजके उरले होते, पण पान चघळणं थांबलं नव्हतं. त्यांनी पाहुण्याभोवती एक फेरी मारली, जणू बाजारात रेडा पाहतायत.

"मेल्याला बत्तीस वर्षं झाली आणि दात माझ्यापेक्षा जास्त," मामा म्हणाले. "चांगलं चालतं म्हणायचं तिकडे."

झुलमिराने ते भाषांतर करून सांगितलं. तो पहिल्यांदाच हसला. हसला तसे मामा गंभीर झाले, आणि त्यांनी एर्मेलिंदाला बाजूला घेतलं.

"हे बघ पोरी. हा आपला असेल तर कबर उकरावी लागेल. पुरलेलं बाहेर काढायचं, काळ्याचे शब्द मागे घ्यायचे, कपाळाला चघळलेल्या सुपारीची लाल लावायची, मग हा शिडी चढणार. पण त्याला ओळखणारं माणूस पाहिजे. मी तेव्हा रानात लढणाऱ्यांबरोबर होतो, हा झाला तेव्हा दोनदा पाहिला असेल. छावणीत त्याच्याबरोबर असलेली तू एकटीच उरलीस. तू म्हणशील हाच, तर हाच. नाही म्हणशील तर नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर उद्या पाहुण्याला चांगलं जेवू घालू आणि ट्रकवर बसवू. पण नीट बघून बोल. जिवंत माणूस कबरीच्या बाहेर आणि नाव कबरीत, याने घराला चैन पडत नाही. तुझा नवरा गेला, पोरगा दिलीहून फिरकत नाही. मी काही म्हणत नाही, पण मनात येतं."

मामा कधीच काही म्हणत नसत, फक्त मनात आलेलं सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाने पिशवीतून प्लास्टिकच्या वेष्टनातला एक कागद काढला.

"हा माझ्या बापाच्या पेटीत सापडला," तो म्हणाला. मग थांबून, "म्हणजे सार्जंटच्या. तो मेल्यावर. तोपर्यंत मला सांगत होते, तुझे आईबाप लढाईत मेले. मग हा कागद सापडला."

झुलमिराने तो आधीच वाचला होता. तिने मोठ्याने अर्थ सांगितला: खाली सही करणारी आई आपला मुलगा राजीखुशीने सार्जंटच्या स्वाधीन करत आहे, पुढे तिचा काही हक्क राहणार नाही. आणि खाली सही. लुसियाना.

एर्मेलिंदाने सही पाहिली. गोल, ठसठशीत, उजवीकडे किंचित झुकलेली अक्षरं, शेवटच्या अक्षराला शेपटी. मिशनच्या शाळेत दोन वर्षं सिस्टरने हात धरून गिरवून घेतलेली शेपटी. आईला लिहिता येत नव्हतं. आईला अंगठा येत होता.

ती सही एर्मेलिंदाची होती.

मामांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, दूर नेऊन पाहिला. "छान आहे," ते म्हणाले आणि परत दिला. त्यांनाही वाचता येत नव्हतं. पण आपल्या बहिणीला लिहिता येत नव्हतं हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि फक्त कुणी त्यांना तेवढं विचारायचं बाकी होतं. एर्मेलिंदाची पाचावर धारण बसली.

त्या क्षणापासून तिचा संशय उलटा फिरला. तीन दिवस ती विचारत होती, हा लिनो आहे का? आता ती विचारू लागली, याला काय माहीत आहे? हा कागद आजच का काढला? आपल्याकडे बघून का काढला?

"सुंदर अक्षर आहे आईचं," तो म्हणाला. "शिकलेली होती?"

"थोडी," एर्मेलिंदा म्हणाली.

"मला ती आठवते. बाकी काही नाही, तेवढंच. ती बसून लिहितेय. सार्जंट म्हणाला, वा, काय अक्षर आहे. मग मी तिच्या लुंगीला धरलं होतं, तर तिने माझी बोटं सोडवली. एकेक करून. आणि मला पुढे ढकललं." तो हे जेवणाबद्दल बोलावं तसं बोलत होता. "मी रडू नये म्हणून सार्जंटने माझ्या हातात मासळीचे डबे दिले होते, तीन. एक माझ्या हातून दगडावर पडला आणि चेपला. तो तिने उचलला, उरलेले दोनही घेतले. मला नाही उचललं, डबा उचलला. तीन डब्यांना दिलं मला."

नदी चुकली होती, घोडा चुकला होता. पण डबा पडून चेपला, हे जगात तिघांनीच पाहिलं होतं. त्यांतला सार्जंट मेला, आणि एक ती स्वतः. समोर बसलेला हा तिसरा होता. तिच्या कडेवर वाढलेला, तिच्या केसांत शेंबूड पुसणारा लिनो. तिला त्याच्याकडे धावत जावंसं वाटलं आणि त्याच वेळी घराच्या मागच्या दाराने पळून जावंसं वाटलं. ती जागची हलली नाही.

कारण त्याला आठवत होती ती आई नव्हतीच. आई त्या दिवशी छावणीबाहेर जायचा पास काढून रानात कंद खणायला गेली होती. झोपडीत एर्मेलिंदा होती, अकरा वर्षांची, आणि पाच वर्षांच्या पोराला अकरा वर्षांची बहीण आईएवढीच दिसते. सार्जंट आला, म्हणाला, तुला लिहिता येतं म्हणे. ती म्हणाली, येतं. सगळ्या छावणीत मुलींपैकी एकटीला येत होतं, तिला त्याचा तोरा होता. तो म्हणाला, इथे आईचं नाव लिही. मुलगा शाळेत जाईल, सहा महिन्यांनी सुट्टीला येईल. नाही लिहिलंस तर आईला बेटावर पाठवतील. बेटावर गेलेले परत येत नाहीत हे पोरांनाही ठाऊक होतं. तिने लिहिलं, आणि भीती वाटत असूनही चांगलं लिहिलं, शेपटीसकट. तो म्हणाला, वा. आणि तिला एक बिस्किट दिलं.

ते तिने खाल्लं. तिथल्या तिथे खाल्लं. त्यांच्यात दिलेलं तोंडात गेलं की बोलणं पक्कं होतं. मुलगी मागायला आलेल्यांची सुपारी जोवर कुणी चघळत नाही, तोवर काही ठरलेलं नसतं. हे एर्मेलिंदाला त्या वयातही माहीत होतं. पण पोटाला रीत कळत नव्हती.

संध्याकाळी आई आली. तिने लिनोला हाक मारली, मग तीन डबे पाहिले, मग एर्मेलिंदाच्या बोटांना लागलेली शाई पाहिली. ती ओरडली नाही, तिने मारलंही नाही. चुलीतली राख घेऊन तिने ती बोटं घासली, कातडी सोलवटेपर्यंत घासली, आणि डबे कापडात बांधून कुठेतरी ठेवले. पुढे जन्मभर त्या दिवसाबद्दल दोघी एक शब्द बोलल्या नाहीत.

डबे एर्मेलिंदाला पुन्हा दिसले नाहीत. तिने शोधले. छपरात, चटईखाली, चुलीमागे. आई झोपली की ती हळूच वाकून आईच्या तोंडाचा वास घ्यायची, मासळीचा येतोय का ते बघायला. आला नाही कधी. पण डबे गेले कुठे? भुकेल्या छावणीत डबे आपोआप नाहीसे होत नाहीत. आईने एकटीने खाल्ले, असं तिने ठरवून टाकलं, आणि हा संशय तिला फार कामाला आला. सही माझी, पण मासे तिने खाल्ले. या एका वाक्यावर ती बत्तीस वर्षं झोपली होती.

"पत्ता लिहून देता?" तो म्हणत होता. त्याने वही आणि पेन पुढे केलं. "तुमचा. पुढे कधी पत्र पाठवायचं झालं तर."

एर्मेलिंदाने पेनाकडे असं पाहिलं की जणू ते चावणार होतं. "मला नाही येत लिहायला."

"अहो मावशी," झुलमिरा हसली, "काल चर्चची यादी तुम्हीच तर लिहीत होतात."

"बोट कापलंय," एर्मेलिंदा म्हणाली आणि आत गेली. आत जाऊन तिने खरंच लुंगीची चिंधी फाडून उजव्या हाताच्या बोटाला गुंडाळली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. कुडाच्या फटीतून पाहिलं तर तो वही मिटून पिशवीत ठेवत होता. मुद्दाम मागितलं त्याने. का सहज? त्याला कळलंय. का नाही? आणि कळलं असेल तर तो बोलत का नाही?

तिथेच उभं राहून तिने सगळं जुळवलं. नाही म्हटलं तर हा कागद घेऊन दिलीला जाईल, कचेऱ्या फिरेल, कुणीतरी मामांना विचारायला येईल. हो म्हटलं तर कबर उकरली जाईल, शर्ट निघेल, क्रूसावरचं नाव खोडलं जाईल, आणि हा दुपारच्या ट्रकने आईवरचा राग घेऊन जाईल. आई काही ऐकायला नाही. मेलेल्यांना लाज लागत नाही, असं तिने स्वतःला समजावलं. तिला हे बरोबर वाटलं नाही, पण सोपं वाटलं.

ती बाहेर येऊन मामांना म्हणाली, "हाच तो."

"नक्की?"

"डबा पडल्याचं सांगितलं त्याने. हाच."

मामांनी तिच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग बोटाच्या चिंधीकडे पाहिलं. मग कुदळ मागवली.

पुरणारी आई नव्हती म्हणून काढायचा हक्क घराच्या मुलीचा. वरची माती मामांनी सैल केली आणि एर्मेलिंदा गुडघ्यांवर बसून हातांनी उपसू लागली. लिनो उभा होता. आपल्याच कबरीपाशी उभं राहून कुठे बघावं हे त्याला कळत नव्हतं. तो क्रूसावरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होता.

"मी फक्त यासाठी थांबलोय," तो झुलमिराला म्हणाला. "माझं नाव इथून निघालं की झालं. मला घरात नाही जायचं. ज्या बाईने मला दिलं, तिच्या घरात मी जेवणार नाही."

एर्मेलिंदाने ऐकलं आणि माती उपसत राहिली.

मडकं लागलं. तोंड मेणकापडाने आणि वेलीने घट्ट बांधलेलं. तिने मातीने भरलेल्या हातांनी वेल तोडली. वर शर्ट होता, कुजून जाळी झालेला, हात लावताच तुटला. शर्टाच्या खाली काहीतरी जड होतं. तिने हात घातला आणि हाताला लोखंड लागलं.

तीन डबे. गंजून लाल झालेले. एक फुगला होता, एकाची कडा चेपलेली होती. आणि तिन्ही बंद होते.

तिने ते पुन्हा पुन्हा फिरवून पाहिले. कुठे भोक, कुठे चाकूची खूण. काही नव्हतं. छावणीत माणसं गवत खात होती, शेजारची बाई चामड्याचा पट्टा उकळत होती, आणि त्या सगळ्या महिन्यांत आई या तीन डब्यांची उशी करून झोपत होती की काय कोण जाणे. एर्मेलिंदाला तिचा राग आला, भयंकर राग आला. मी अकरा वर्षांची होते, माझ्या पोटऱ्यांची हाडं दिसत होती, मला एक तरी उघडून द्यायचास. आणि तो राग पुरता वर येण्याआधीच दुसरं काहीतरी त्याच्यावर येऊन बसलं. मी तुझ्या तोंडाचा वास घेत होते आई.

"खाल्ले नाहीत?" लिनो वाकून म्हणाला. "मला देऊन टाकलं आणि हे खाल्लेही नाहीत?"

झुलमिराने मामांना ते सांगितलं. मामांनी पान थुंकलं.

"ती दुसऱ्या दिवशी हे परत करायला गेली होती," ते म्हणाले. "रानात निरोप आला होता मला, तेवढंच माहीत आहे. ट्रक बंदराकडे निघून गेले होते. मला वाटलं, फेकून दिले असतील. खाल्लं की बोलणं पुरं होतं. तिने ते पुरं होऊ दिलं नाही, एवढाच याचा अर्थ. पोरगं दिलेलं नाही, असं ती म्हणतेय. मेल्यावरही तेच म्हणतेय."

"मग सही कशाला केली?" लिनो म्हणाला.

झुलमिराने प्रश्न मामांपर्यंत नेला. मामा एर्मेलिंदाकडे पाहत राहिले. कुळाचे सगळे शब्द तोंडात असलेला माणूस गप्प राहिला. खालच्या वळणावर ट्रकचा भोंगा वाजला.

ती अजून काही बोलली नसती तरी चाललं असतं. भोंगा पुन्हा वाजला असता, तो गेला असता. पण बत्तीस वर्षं ज्या वाक्यावर ती झोपली होती, ते आता तिच्या मांडीवर गंजून पडलं होतं आणि त्याला कुठेही भोक नव्हतं.

एर्मेलिंदाने दातांनी चिंधीची गाठ सोडली. बोटाला ओरखडाही नव्हता. तिने लिनोच्या पिशवीतून पेन काढून घेतलं, त्याच्या हातातला कागद घेतला, मडक्याच्या पाठीवर ठेवला आणि जुन्या सहीच्या खाली लिहिलं. लुसियाना. शेपटीसकट. मातीची बोटं कागदावर उमटली.

"आईला लिहिता येत नव्हतं," ती म्हणाली. "ती घरीच नव्हती. कंद खणायला गेली होती. तुझी बोटं सोडवली ती मी. ढकललं मी. मला बिस्किट दिलं होतं त्याने, ते मी खाल्लं."

झुलमिराला भाषांतर करायची गरज नव्हती, सगळं सैनिकांच्या भाषेतच होतं. लिनो दोन्ही सह्यांकडे पाहत राहिला. मग तो खाली बसला, मातीतच, तिच्यासमोर. त्याने चेपलेला डबा उचलला आणि अंगठा त्या खळग्यात घातला. खळगा अंगठ्याएवढाच होता.

एर्मेलिंदा मार खायला बसल्यासारखी बसून राहिली. तिला वाटलं, आता उठेल, आता जाईल, आणि बरोबरच करेल.

"किती वर्षांची होतीस?" त्याने विचारलं. तीन दिवस तो तुम्ही म्हणत होता.

"अकरा."

"माझी धाकटी अकराची आहे." तो डब्याकडेच पाहत होता. "मग हे नाही खाल्लं, तर तुम्ही दोघी काय खात होतात?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मामांनी नाही, पाद्र्याने नाही, पोटच्या मुलानेही नाही.

"रानवाल," ती म्हणाली. "विषारी असतात. सात वेळा पाणी बदलून उकळायचे. शेजारच्या झोपडीतल्यांनी सहा वेळातच उतरवले, ती दोघं सकाळी उठली नाहीत. आई मोजायची. मी झोपून जायचे, पण ती मोजायची."

"आणि चव?"

"कडू. सातव्या पाण्यातही कडूच."

खालून ट्रकचा भोंगा पुन्हा वाजला, लांबलचक, कंटाळलेला. झुलमिराने लिनोकडे पाहिलं, लिनोने नाही अशी मान हलवली, आणि ती उतारावरून ट्रकवाल्याला सांगायला पळाली. मामांनी नवी सुपारी तोंडात टाकली आणि शब्द आठवत पुटपुटू लागले. ते मागे घ्यायचे शब्द होते, फार कधी लागत नाहीत.

एर्मेलिंदा उठली, स्वयंपाकघरात गेली, हात धुतले. चुलीवर सकाळची उसळ होती. तिने ती पानावर नाही, ताटलीत वाढली, आणि मामांनी त्याच्या कपाळाला लाल लावून होईपर्यंत ताटली धरून शिडीच्या पायथ्याशी उभी राहिली. मग तिने ती त्याच्या हातात दिली.